लक्कव्वाची पोरं

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात हुबळीत दीड महिन्यात तीन मुलं नाहीशी झाली, आणि गुन्हेगार कोण हे गावात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त पोलिसांना. न्हाव्याच्या खुर्चीवर, खानावळीच्या बाकावर, नळाच्या रांगेत जो तो खात्रीनं सांगत होता. पहिला गेला तो रेल्वे वर्कशॉपातल्या फिटरचा सहा वर्षांचा मुलगा. तेव्हा सर्कसवाल्यांचं नाव आलं, कारण गावात सर्कस होती. सर्कस तंबू उचलून गदगला गेली आणि फुलवालीची मुलगी हरवली. मग सर्कस सुटली आणि पूल आला. धारवाडच्या वाटेवर एका नाल्यावर पूल होत होता; पायात मूल पुरल्याशिवाय त्याचा खांब उभा राहणार नाही, असं ठेकेदाराच्या मुनिमाच्या मेहुण्यानं म्हणे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तेवढ्यात उणकलच्या तळ्याकाठी एका लहान मुलाची हाडं सापडली. ती कुणाची हे डॉक्टरांना सांगता येईना. गावाला मात्र एका दुपारीत सांगता आलं, आणि दर गल्लीत वेगळं.

तिसरी गेली विठ्ठल शिंप्याची पाच वर्षांची लक्ष्मी. शुक्रवारी दुपारी एक वाजता ती भात जेवली, खेळायला म्हणून दाजीबान पेठेतल्या घरासमोरच्या गल्लीत उतरली, आणि तीन वाजता आईनं हाक मारली तेव्हा नव्हती. सर्कस गेलेली, पुलावर पोलिसांचा पहारा. आता नाव घ्यायला जवळचंच माणूस हवं होतं.

ते नाव निघालं लक्कव्वाचं. लक्कव्वा म्हणजे पेठेची सुईण. साठीची, उंच, विधवा, गल्लीच्या मागच्या अंगाला दोन पत्र्याच्या खोल्यांत एकटी राहणारी. निम्मी पेठ तिच्या हातांवर जन्माला आलेली. त्या महिन्यात तिनं सोडवलेली दोन बाळं पाठोपाठ गेली होती. एरवीही जात, पण एरवी कुणी मोजत नसे. त्यात कुणीतरी म्हणालं, ‘‘अहो, ती तर पोरं विकत घेते!’’

घेत होतीच. लपूनछपून नव्हे, वाजतगाजत. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिनं पुढचं मूल सुपात घालून लक्कव्वाच्या दारात न्यायचं. लक्कव्वानं ओंजळभर कोंडा द्यायचा आणि मूल घ्यायचं. तेवढ्या कोंड्यावर मूल तिचं झालं. मग तीच ते आईच्या ओटीत वाढवायला म्हणून परत द्यायची. यमाला फसवायचा हा उद्योग. करंट्या आईच्या घरी शोधायला आला तर तिथं तिचं मूल नाहीच, आहे ते लक्कव्वाचं. लक्कव्वाची स्वतःची पाचही जगली होती, पोटापाण्याला मुंबई-पुण्याला पांगली होती, म्हणून तिचा हात लाभाचा. मुलाचे दुधाचे दात पडले की लुगडं-नारळ देऊन, सूपभर ज्वारी घालून मूल सोडवून आणायचं. हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्यानं ‘विकत घेते’ म्हटलं त्यालाही ठाऊक होतं. पण भ्यालेल्या माणसाला आपल्याला काय ठाऊक आहे याची आठवण करून दिलेली आवडत नाही.

शिंप्याच्या घरापासून तिसऱ्या दारात दत्तात्रयचं चहापुडीचं दुकान, आणि दुकानामागे घर. मूळचे मिरजेकडचे, आजोबा पाटीवर चहाची पुडकी घेऊन आले आणि इथंच रुजले. दत्तात्रयची बायको इंदुमती, सव्वीस वर्षांची. तिची पहिली दोन बाळं बाराव्या दिवसाच्या आत गेली. तिसरा प्रभंजन, तो लक्कव्वाच्या कोंड्यावर जगला, म्हणून घरात कोंडू. चार वर्षांचा होता, आणि दात अजून सगळे शाबूत होते.

आणि इंदुमतीला एक गोष्ट माहीत होती, जी गावात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. त्या शुक्रवारी दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत लक्कव्वा तिच्या माजघरात होती. इंदुमतीला तिसरा महिना होता. घरात फक्त सासूला सांगितलं होतं. पाच महिने होईपर्यंत नवऱ्यालाही सांगायचं नाही, हा सासूचाच दंडक. शुक्रवारी सकाळी पोटात कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. सात तास लक्कव्वानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, फडकी धुतली, शेपूचा काढा पाजला. तीन वाजता बाहेर ‘लक्षे, ए लक्षे’ अशी हाक ऐकू आली, तेव्हा लक्कव्वाच म्हणाली होती, ‘‘ऐक की, शिंपीण पोरीला बोलवाय लागलीय. तुलाबी व्हईल गं मुलगी. रडू नको, तायी.’’

म्हणजे एवढंच करायचं होतं. ठाण्यावर जायचं आणि सांगायचं. इंदुमतीला ते फार सोपं वाटलं. ती भाबडी होती असं म्हणायचा मोह होतो, पण तसं नाही. खरं बोलल्यानं काम होतं, असं तिला तोवर वाटत होतं इतकंच.

रविवारी दुपारी तिनं सासूला सांगितलं. सासू, शांताबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

‘‘काय सांगणार? माझं पोट पडलं आणि तिनं ते पुरलं, असं? आधीच दोन बाळं तिच्या नावावर घातलीत लोकांनी. हे तिसरं तू नेऊन दे.’’

‘‘पण आत्ती, ती हितंच होती की. तुम्ही होताच.’’

‘‘मी काही बघितलं न्हाई,’’ शांताबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, ‘‘आधी पोराचं बघ. कोंडू अजून तिचा हाय. उद्या पोलिसांनी नेली, फाशी दिली, तर पोर कुणाच्या हातनं सोडवून आणणार? तिनं आपल्या हातानं दिल्याशिवाय सुटत न्हाई. ती गेली म्हणजे पोराला बरोबर घेऊन जाईल. आईच की ती, कोंड्यानं का असंना.’’

लक्कव्वानं काही केलेलं नाही, याची इंदुमतीला सूर्याइतकी खात्री होती. आणि लक्कव्वा मेली तर कोंडू मरेल, याचीही तेवढीच. या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा राहतात असं कुणी विचारील. ज्याची दोन मुलं गेली असतील त्यानं विचारावं.

ती म्हणाली, ‘‘आधी सोडवून आणते. मग ठाण्यावर जाते.’’ शांताबाईंनी कपाटातलं हिरवं इरकली लुगडं काढून दिलं.

सोमवारी सकाळी नऊला ती निघाली. कडेवर कोंडू, हातात सूप, सुपात ज्वारी, नारळ, लुगडं. लपून जायचं काही कारणच नव्हतं. सोडवणूक अशीच, उजेडी, चार बायांदेखत करायची असते. लक्कव्वाच्या दारासमोर दहा-पंधरा माणसं आधीच उभी होती, नुसती बघत. दोन-तीन दिवस अशीच उभी होती. लक्कव्वा उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होती. तिनं सूप बघितलं आणि हात थांबवला.

‘‘आत्ताच गं? दात पडले न्हाईत की अजून त्याचे.’’

‘‘आत्तींनी सांगितलंय.’’

लक्कव्वा हसली. राग नव्हता, पण हसण्यात काही शिल्लकही नव्हतं. ‘‘हौदु, बरोबर हाय. शांतक्का शहाणी हाय.’’ तिनं कोंडूला उचललं, त्याच्या टाळूवर हात फिरवला, आणि रीतीप्रमाणे तीनदा म्हणाली, ‘‘तुझं तुला, तुझं तुला, तुझं तुला.’’ मग पोर इंदुमतीच्या ओटीत देताना तिचं मनगट धरलं. ‘‘तायी, शुक्रवारचं सांगशील न्हवं? फौजदारला. तेवढं सांग. दुसरं कोन न्हाई मला.’’

‘‘सांगते. आजच सांगते,’’ इंदुमती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कारण तिला ते चार बायांदेखतच म्हणायचं होतं.

आज नाही गेली. घरी येईपर्यंत तिला घेरी आली. तीन दिवसांपूर्वी काय झालं होतं ते अंगानं लक्षात ठेवलं होतं. शांताबाईंनी तिला निजवलं आणि बाहेरून कडी घातली, विश्रांती मिळावी म्हणून. आणि ती पडून होती तेवढ्या वेळात पेठेत जे व्हायचं ते झालं.

इंदूनं पोर सोडवून आणलं, ही बातमी अकरापर्यंत घरोघर गेली. इंदू म्हणजे लक्कव्वाची लाडकी. तिनंच सोडवलं म्हणजे तिला काहीतरी कळलं असणार. लक्कव्वाच्या नावावर तेव्हा पेठेत बारा मुलं होती. दुपारी दोनपर्यंत उरलेल्या अकराही आया सुपं घेऊन निघाल्या. कुणाकडे लुगडं नव्हतं, कुणी नेसतं धुतलेलं घेतलं. कुणाचं मूल तान्हं, कुणाचं सात वर्षांचं. प्रत्येकीच्या मनात तेच होतं जे शांताबाईंच्या: बाई धरली जायच्या आत आपलं सुटलं पाहिजे. एकीलाही लक्कव्वानं लक्ष्मीला नेलं असं ठामपणे वाटत नव्हतं, हे पुढं वर्षानुवर्षं त्या आपापसात कबूल करत. पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या तीनशे माणसांना काय दिसलं? आया रडत रडत एका म्हातारीच्या दारातून आपापली मुलं घेऊन पळत सुटल्यात, हे दिसलं.

त्यात एका कानडी दैनिकाचा वार्ताहर होता, आणि त्याच्याजवळ कॅमेरा होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो आला. सुपातलं मूल, रडणारी आई, मागे उंबऱ्यात लक्कव्वा. वर मथळा, बारा मुलांची सुटका. मुलं सकाळी आपापल्या घरी दूधभाकरी खाऊन आली होती हे वार्ताहराला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. मंगळवारी सकाळी पहिला दगड पडला. ‘मक्कळ कळ्ळी, पोरं चोरणारी’ असं ओरडत जी गर्दी आली तीत लक्कव्वानं ज्यांची नाळ कापली असे बाप्येही होते. पत्रे फुटले. पोलीस आले आणि लक्कव्वाला गाडीत घालून घेऊन गेले; वाचवायला नेली की पकडायला, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

बुधवारी इंदुमती मागच्या दारानं निघाली आणि एकटी ठाण्यावर गेली. आयुष्यात पहिल्यांदा. फौजदार विजापूरकडचा, मध्यमवयीन, डोळे तांबारलेले. धारवाडहून साहेबाचा दिवसातून तीनदा फोन येत होता. पण माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली. ‘‘कुंद्री अक्का, बसा. पाणी देऊ?’’

तिनं सगळं सांगितलं. लाज बाजूला ठेवून सांगितलं. शिपाई कानडीत उतरवून घेत होता. बारा वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत. तीनची हाक. फौजदारानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, ‘‘हे आणखी कुणी बघितलं?’’

‘‘आत्तींनी. सासूबाईंनी.’’

त्यानं शिपाई पाठवून शांताबाईंना बोलावलं. त्या आल्या, पदर कपाळापर्यंत ओढून उभ्या राहिल्या आणि सरळ कानांवर हात ठेवले. शुक्रवारी त्या दिवसभर मठात होत्या. सुनेचं काही झालं असेल तर त्यांना ठाऊक नाही. दोन मुलं गेल्यापासून सून जरा मनानं हळवी झालीय. सुनेकडे न बघता त्या बोलल्या, आणि घरी निघून गेल्या.

‘‘असू द्या,’’ फौजदार म्हणाला. ‘‘तुमचं ऐकतो मी. पण मला एक सांगा अक्का. ती निर्दोष आहे हे शुक्रवारपासून तुम्हाला माहीत. मग सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मुलगा का काढून आणलात?’’

इंदुमतीनं तोंड उघडलं. यम, कोंडा, दात, फाशी. घरात ज्याचा अर्थ लागत होता त्यातला एकही शब्द त्या टेबलासमोर उभा राहीना. ती म्हणाली, ‘‘भीती वाटली.’’

‘‘कशाची?’’

‘‘त्याचं काही बरंवाईट होईल म्हणून.’’

‘‘तिच्याकडे राहिला तर?’’

‘‘हो. म्हणजे तसं न्हाई...’’

शिपाई लिहीत होता. फौजदारानं पुढं वाकून अगदी मऊपणे विचारलं, ‘‘आणि मुलगा परत देताना तिनं तुमच्याकडून काय कबूल करून घेतलं? तुमचा हात धरून? दारातल्या चार बायांनी ऐकलंय, आमच्याकडं लिहून आलंय.’’

तिला खोटं बोलता आलं असतं. पण ती खरं सांगायला आली होती. ती म्हणाली, ‘‘शुक्रवारचं सांग म्हणाली.’’

फौजदार मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावर तिच्याबद्दल खरोखरच कणव आली. त्याच्या लेखी सगळं जुळलं होतं: म्हातारीनं पोर ओलीस ठेवलं, साक्षीच्या बदल्यात सोडलं, आणि ही बिचारी दिलेला शब्द पाळायला आली. ‘‘आता घाबरू नका,’’ तो म्हणाला. ‘‘मुलगा तुमच्याजवळ आहे. तुम्ही दिलेल्या शब्दाला आता काही अर्थ नाही.’’ त्यानं कागद तिच्यापुढे सरकवला. तिला कानडी बोलता येई, वाचता येत नसे. तिनं मराठीत सही केली, इंदुमती दत्तात्रय, सावकाश, नीट, शाळेत शिकवलेल्या अक्षरात.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. एकोणीस दिवसांनी लक्कव्वाला सोडलं, पुरावा नाही म्हणून. मधल्या काळात तिच्या दोन्ही खोल्यांची जमीन चार हात खणून झाली होती. निघाली फक्त नाळा पुरलेली मडकी, आणि त्या मडक्यांवर पेपरांनी आठवडा काढला. ती परत आली त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक दार लागलं. इंदुमतीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ते दत्तात्रयनं घातलं होतं, आणि तिनं आतून हात बडवले तेव्हा तो दुकानात गल्ल्यावर बसून रडत होता, असं म्हणतात. चौथ्या दिवशी वास आला म्हणून लक्कव्वाचं दार फोडलं. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न नव्हतं. गावानं ते ऐकून घेतलं आणि ठरवलं की तिनं विष घेतलं. पाप बाहेर येणार होतं ना. विठ्ठल शिंप्याची लक्ष्मी सापडली नाही. फुलवालीची मुलगी सापडली नाही, फिटरचा मुलगाही नाही. उणकलची हाडं कुणाची ते आजतागायत ठरलेलं नाही. मुलं जायची थांबली मात्र, आणि ती थांबली लक्कव्वा गेल्यामुळंच, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची कुणाला गरज वाटली नाही.

इंदुमती सांगत राहिली. शिंपिणीला सांगितलं, तिनं पाठ फिरवली. जाऊबाईंना, शेजारणींना, हळदीकुंकवाला आलेल्यांना सांगितलं. कोंडू मोठा होत गेला तसं त्याला सांगितलं, दहाव्या वर्षी, सतराव्या वर्षी, लग्नाच्या आदल्या दिवशी. तो ऐकून घेई. आईवर त्याचा जीव होता. मरताना शांताबाई कबूल करतील म्हणून ती आठ दिवस उशाशी बसली. शांताबाई मरेपर्यंत देवाचं नाव घेत राहिल्या, दुसरं काही नाही.

दोन हजार बारा साली एका कानडी वाहिनीनं जुन्या न सुटलेल्या गुन्ह्यांवर मालिका काढली. प्रभंजनचं, म्हणजे कोंडूचं, तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा लेथचं मोठं युनिट झालं होतं, तीस माणसं कामाला. वाहिनीची माणसं तिथं येऊन त्याची मुलाखत घेऊन गेली. रविवारी संध्याकाळी घरात टीव्हीसमोर सगळे जमले: सून, नातवंडं, शेजारचे, युनिटमधले दोघं-तिघं. चिवडा होता, चहा होता, आजोबांच्याच पेठेतल्या दुकानातल्या पुडीचा. इंदुमतीला सगळ्यांनी मधल्या खुर्चीत बसवलं, कारण तिच्याबद्दलच होतं.

आधी तळं दाखवलं, धूर सोडला, कुणीतरी नटी म्हातारी होऊन हसली. मग प्रभंजन, स्वच्छ शर्टात, यंत्रासमोर उभा. ‘‘मला ओंजळभर कोंड्याला विकलं होतं तिला,’’ तो हसत हसत कानडीत सांगत होता. ‘‘माझी आई एकटी गेली. तीनशे लोकांत एकाची हिंमत नव्हती. आईनं मला तिच्या मांडीवरून उचलून आणलं. ती गेली नसती तर आज मी नसतो. बाकीची अकरा मुलंही नसती.’’ त्यानंतर पडद्यावर एक पिवळा कागद आला आणि निवेदिका ठाशीव आवाजात वाचू लागली: त्याचं बरंवाईट होईल या भीतीनं मी माझा मुलगा परत आणला. देताना तिनं माझ्याकडून साक्षीचं वचन घेतलं. त्याच शुक्रवारी माझ्या पोटातलं मूलही तिच्या हातून गेलं. खाली सही होती, मराठीत, शाळेत शिकवलेल्या अक्षरात.

खोलीत टाळ्या वाजल्या. धाकटी नात येऊन तिच्या गळ्यात पडली. ‘‘आजी, तू किती ग्रेट आहेस!’’

‘‘ती माझ्याकडं होती,’’ इंदुमती म्हणाली. ‘‘शुक्रवारी. बारापासून दिवेलागणीपर्यंत माझ्याच उशाशी होती. तिनं काही केलेलं न्हाई.’’

प्रभंजननं टीव्हीचा आवाज कमी केला, येऊन तिच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसला आणि तिचा हात हातात घेतला. ‘‘हो आई,’’ तो म्हणाला. मग मान वळवून पाहुण्यांना, हळू आवाजात, ‘‘अजून घाबरते. बाईनं शब्द घेतला होता ना तिच्याकडून. चाळीस वर्षं झाली, पण तिला वाटतं, तो मोडला तर मला काही होईल.’’

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. इंदुमतीनं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, कळ कधी आली, काढा कसला होता, तीनची हाक. सून उठली आणि तिला पाणी आणून दिलं.